चौदावी रजा

रामेश्वर मांडवकर अठ्ठावीस वर्षं शारजात लिफ्ट दुरुस्त करत होता. त्याने हात लावलेल्या लिफ्टींतून निम्मं शारजा रोज वर जाई आणि खाली येई. तो स्वतः मात्र शारजाच्या रोला भागातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राही, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. दिवसभर लिफ्ट बघितल्यावर संध्याकाळी जिना बरा वाटतो, असं तो म्हणे.

राही म्हणजे त्याच्याकडे खोली होती असं नव्हे. त्याच्याकडे बेड होता. एकट्या नोकरदाराने इथं खोली घ्यायची नसते, बेड घ्यायचा असतो. त्याला बेडस्पेस म्हणतात. एका खोलीत तीन दुमजली लोखंडी पलंग, म्हणजे सहा माणसं. प्रत्येक बेडला चादरीचा पडदा. पडद्याच्या आत जे काय असेल ते तुमचं घर. रामेश्वरचा वरचा बेड, खालचा दौलतचा. दौलत खेडचा, इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात गाड्या रंगवायचा. सतरा वर्षं दोघांमध्ये एका फळीचं अंतर होतं, आणि ती फळीही पातळ होती.

अशा खोलीत खाजगी असं फार काही उरत नाही. फोन तर नाहीच. एकाच्या बायकोचा फोन आला की सहाही जण ऐकत, आणि कधीकधी उत्तरही देत. कोणाची सासू पडली, कोणाच्या मेव्हण्याने ट्रॅक्टर विकला, सगळं सगळ्यांना पाठ. रामेश्वरची नर्मदा संगमेश्वरच्या पलीकडे गावी असे. ती फोनवर बोलताना पहिल्यांदा विचारी, "भावजी आहेत का खाली?" आणि खालून दौलत ओरडे, "आहे वहिनी! बोला तुम्ही, मी ऐकत नाही."

दोन वर्षांतून एकदा पंचेचाळीस दिवसांची रजा मिळे. रजा रामेश्वरची असे, पण ती भरत असे गावच्या कामांनी. पहिल्या रजेत त्याचं लग्न झालं. दुसऱ्या रजेत सव्वा वर्षाच्या लेकीने, रंजिताने, त्याला बघून भोकाड पसरलं आणि तो जायला निघाला तेव्हा कुठे थांबवलं. तिसरी रजा वडलांच्या बाराव्याला गेली, चौथी विहिरीला, पाचवी स्लॅबला. एक आख्खी रजा संगमेश्वरच्या कोर्टाबाहेर एका बाकावर गेली, कारण वकील रजेवर होता. अकराव्या रजेत रंजिताचं लग्न. घरात काही मोडलं, काही दुखलं, कोणाचं काही ठरायचं राहिलं, की नर्मदा म्हणे, "तुम्ही आलात की बघू." गावातली कितीतरी कामं अशी त्याच्या रजेच्या खुंटीला अडकवलेली असत. रामेश्वर येई, एकेक काम खुंटीवरून काढी, आणि पंचेचाळिसाव्या दिवशी संगमेश्वरहून मुंबईच्या एसटीत बसे.

चौदावी रजा मे महिन्यात होती. मार्चमध्ये नर्मदा फोनवर म्हणाली, "या खेपेला आलात की एक काम आहे."

"कसलं?"

"आलात की सांगीन. फोनवर नको."

"वहिनी, फणसाचं असणार!" खालून दौलत. घराच्या मागच्या दगडी गडग्यावर एक फणस होता. झाड मांडवकरांचं, फांद्या चुलतभावाकडे, आणि फणस ज्याचा हात आधी पोचेल त्याचे. सगळी खोली हसली. पलीकडे नर्मदाही थोडी हसली.

"हो, तसलंच," ती म्हणाली.

आता रामेश्वरच्या डोक्यात त्या वर्षी एक वेगळंच खूळ शिरलं होतं, आणि ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. त्याने मोबाइलवर एक लिफ्ट बघितली होती. युरोपात प्राग म्हणून शहर आहे. तिथल्या एका सरकारी कचेरीत शंभर वर्षांची लिफ्ट चालू आहे. तिला दार नाही, बटण नाही, आणि ती थांबत नाही. माळेतल्या मण्यांसारखे उघडे लाकडी खण एका बाजूने वर जात राहतात, दुसऱ्या बाजूने खाली येत राहतात. माणसाने चालत्या खणात पाय टाकायचा आणि आपला मजला आला की पाय काढायचा. बस. रामेश्वरने तो व्हिडिओ पडद्याच्या आत शंभरदा पाहिला. वरच्या टोकाला पोचल्यावर खण पलीकडे कसा सरकत असेल? साखळी कुठून वळत असेल? सगळं आयुष्य ज्याने अडकलेली दारं उघडण्यात घालवलं, त्याला बिनदाराच्या लिफ्टचं वेड लागावं यात नवल नाही. पण हे नवल नाही हे बायकोला पटवायचं कसं, हा प्रश्न होता. लिफ्टवाला नवरा दोन वर्षांनी सुट्टी मिळाल्यावर घरी न येता लिफ्ट बघायला जातो, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, कारण व्हिसाला कंपनीचं पत्र लागतं. ते पत्र देणारी मंजुषा ऑफिसात एचआरला बसे. पुण्याची, चाळिशीची, नवरा बँकेत, मुलगा वेद. त्याला ती मराठीत विचारी आणि तो इंग्रजीत उत्तर देई. तिला एकट्याने प्रवास करण्याबद्दल फार आस्था होती. ती स्वतः एकटी कधी शेजारच्या अजमानलासुद्धा गेली नव्हती, म्हणूनच असेल.

"काका! सोलो ट्रॅव्हल!" ती खुर्चीतून उठलीच. "अहो, यू मस्ट गो. किती वर्षं दुसऱ्यांसाठी जगणार?"

"घरी काय सांगू?"

"काही सांगू नका. दहा दिवसांचा प्रश्न. बाकी रजेचे पैसे घ्या, घरी पाठवा, दिवाळीनंतर परत अप्लाय करा. मी बघते."

मंजुषाने पत्र टाइप केलं, फॉर्म भरला, तिकीट काढलं, आणि हॉस्टेलमध्ये आठ जणांच्या खोलीत एक बेड बुक केला. "एका रात्रीचे शंभर दिरहॅम," ती म्हणाली.

"शंभर? म्हणजे बावीसशे रुपये! एका बेडचे?" रामेश्वरचा चेहरा पडला. "इथं पाच दिवसांचा बेड होतो त्यात."

"तो युरोपातला बेड आहे, काका."

"वरचा आहे की खालचा?"

मंजुषाने बघितलं. "वरचा."

"मग ठीक आहे," रामेश्वर म्हणाला.

एप्रिलच्या शेवटी त्याने नर्मदेला सांगितलं की रजा मंजूर झाली नाही. नवा टॉवर आहे, माणसं कमी आहेत, मॅनेजर ऐकत नाही. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसा तो जरा जास्तच तपशिलात बोलला.

"अजिबात नाही? आठ दिवसपण नाही?"

"नाही म्हणतात. दिवाळीनंतर बघू."

"बरं," नर्मदा म्हणाली. खालून दौलतने कंपनीच्या सात पिढ्यांना शिव्या दिल्या. दौलतला त्याने अबूधाबीच्या साइटवर चाललोय असं सांगून ठेवलं होतं.

आणि रामेश्वर प्रागला गेला.

हॉस्टेलच्या खोलीत पाय टाकल्याबरोबर त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दुमजली पलंग, बेडला पडदा, उशाशी दिवा, पायथ्याशी कुलपाचा खण. फरक एवढाच, की बाकी सात जण विशीतले होते आणि त्यांना एका खोलीत राहण्याची काडीची अक्कल नव्हती. ओले टॉवेल दुसऱ्याच्या शिडीवर. प्लास्टिकच्या पिशव्या पहाटे खसखसवायच्या. गजर लावायचा आणि आपण घोरत पडायचं. रामेश्वरने कोणाला काही म्हटलं नाही. त्याने फक्त आपल्या सपाता भिंतीला समांतर ठेवल्या, टॉवेल तारेच्या हँगरवर घातला, सामान आदल्या संध्याकाळीच कापडी पिशवीत भरून ठेवलं, आणि कुरकुरणाऱ्या शिडीचा नट आपल्या पान्याने आवळून टाकला. तिसऱ्या दिवशी सात जणांच्या सपाता समांतर झाल्या. ती मुलं त्याला सर म्हणू लागली. जो तो कौतुकाने विचारी, "तुम्ही एकटेच फिरताय?" अठ्ठावीस वर्षं तो एकटाच होता, याबद्दल कोणी त्याचं कौतुक करील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

लिफ्ट त्याने दुसऱ्या दिवशी पाहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा, चौथ्या दिवशी पुन्हा. वरच्या मजल्यावर उतरा असं लिहिलेलं असतं. तो उतरला नाही. खण अंधारात वर गेला, मोठ्या चाकांचा घर्रर्र असा आवाज अगदी कानाशी आला, तेलाचा ओळखीचा वास आला, खण हळूच बाजूला सरकला आणि खाली निघाला. रामेश्वर अंधारात एकटाच हसला. आपण शेवटचं असं कधी हसलो होतो ते त्याला आठवेना, आणि आठवायची गरजही वाटली नाही.

रविवारी दुपारी खोली रिकामी होती. पोरं गाव बघायला गेली होती. रामेश्वरचे पाय दुखत होते म्हणून तो बेडवर पडदा ओढून पडला होता, तेवढ्यात बोटिम ॲपवर नर्मदेचा व्हिडिओ कॉल आला. तो कॉल कापणारच होता. पण मग त्याच्या लक्षात आलं की मागे दिसतंय काय? लोखंडी दांडा, चादर आणि पडदा. शारजात दिसतं तेच. त्याने फोन घेतला.

"आज अगदी गप्प आहे तुमची खोली," नर्मदा म्हणाली.

"सगळे बाहेर गेलेत."

"भावजीपण?"

"तोपण."

"कोणीच नाही?" तिने उठून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलेलं त्याला दिसलं. पुन्हा येऊन बसली. पदर सारखा केला. "मग सांगते. रागावू नका. गेले तीन महिने मला..."

खोलीचं दार धाडकन उघडलं. ब्राझीलची एक मुलगी खालच्या बेडवर असे, ती खळखळून हसत आत आली आणि पडद्याजवळ येऊन इंग्रजीत म्हणाली, "सर! झोपलात? चला ना, मी जेवण केलंय!"

रामेश्वरने फोन कापला. एवढ्या वर्षांत लिफ्ट मध्येच बंद पडताना त्याने हजारदा पाहिलं होतं, पण बटण इतक्या चपळाईने त्याने स्वतः कधी दाबलं नव्हतं. मग त्याने मेसेज केला, नेटवर्क गेलं. नंतर करतो.

नंतर म्हणजे परत आल्यावर केला, खोलीतून. "त्या दिवशी काय सांगत होतीस?"

"काही नाही."

"वहिनी, फणसच ना?" खालून दौलत.

"हो," नर्मदा म्हणाली. "फणसच."

त्यानंतर तिचे फोन आखडते झाले. जेवलात का, बरं आहे, ठेवते. रजा हुकली म्हणून रागावली असेल असं रामेश्वरने धरून चाललं. रजेचे पैसे त्याने नेहमीपेक्षा जास्त पाठवले. तिने मिळाले म्हणून सांगितलं. राग दिवाळीनंतर जाईल, हे त्याच्या मनात पक्कं होतं.

ऑक्टोबरमध्ये रंजिताचा फोन आला. ती चिपळूणला शाळेत शिकवायची आणि या वेळी कधी फोन करत नसे. रामेश्वर नुकताच कामावरून आला होता, पॅन्टच्या खिशात अजून टेस्टर होता. खोलीत सगळे होते. फोन सवयीने स्पीकरवर पडला.

"बाबा, आईला कोल्हापूरला आणलंय." ती सावकाश बोलत होती, वर्गात बोलतात तशी. "ती न्हाणीत घसरली. मी अंघोळ घालायला गेले, तेव्हा दिसलं. डावीकडे गाठ आहे, बाबा. छातीत. लिंबाएवढी. काखेतपण आहेत. हाडापर्यंत गेलंय म्हणतात."

कोणीतरी टीव्ही बंद केला.

"कधीपासून?" रामेश्वरने विचारलं.

"फेब्रुवारीपासून! बाबा, फेब्रुवारीपासून तिला माहीत होतं. म्हणे, तुझे बाबा मे महिन्यात येणार होते, आले की त्यांच्यासोबत दाखवणार होते. एकटीने बाप्या डॉक्टरपुढे कसं जायचं. आणि फोनवर सांगायचं तर तिकडे सहा जण ऐकतात." तिचा आवाज फुटला. "डॉक्टर म्हणाले, मेमध्ये आणलं असतं तर काढून टाकता आलं असतं. आता केमो देऊन बघू म्हणतात. बघू! त्या तुमच्या कंपनीला आठ दिवस नाही देता आले, बाबा? आठ दिवस?"

रामेश्वर शिडीच्या पहिल्या पायरीवर बसला. दौलत आपल्या बेडवर उठून बसला होता. सतरा वर्षं तो प्रत्येक फोनवर काही ना काही बोलला होता. आज त्याने तोंडावर हात ठेवला होता. फोन संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "फणस म्हणत होतो मी, भडवा." मग थोड्या वेळाने, "तुमची कंपनी हलकट आहे, भाऊ. मेमध्ये सोडलं असतं तर." बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. रामेश्वरनेही हलवली. काय करणार? पाच माणसं एकदम आपल्या बाजूने बोलत असताना मान आपोआप हलते.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला तेव्हा मंजुषा त्याची वाटच बघत होती. तिने केबिनचं दार लावलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"तुमच्या मुलीचा फोन आला होता," ती म्हणाली. "सकाळी. तिने कुठून नंबर काढला कोण जाणे. मला विचारलं, मेमध्ये माझ्या वडलांची रजा का नाकारलीत? नावानिशी सांगा कोणी नाकारली."

"मग?"

"काय मग? काका, ती रडत होती. फाइल माझ्यासमोर उघडी होती. रजा मंजूर, खाली माझी सही. मी म्हटलं, आय ॲम सॉरी, कंपनीचं काम होतं." मंजुषाने टिश्यूचा बोळा केला. "कंपनीला शिव्या बसल्या, बसू देत. पण मी कोणाच्या आईच्या बाबतीत खोटं बोलले. मीच तुम्हाला म्हटलं होतं ना, काही सांगू नका म्हणून? फार शहाणी मी."

"तुमची काय चूक, मॅडम."

"ते राहू द्या. गुरुवारचं तिकीट आहे, महिनाभराची इमर्जन्सी रजा मी मॅनेजरकडून घेतलीय. खलास, तो विषय संपला. पण जायच्या आधी तुम्ही काकूंना खरं सांगा. बाकी कोणाला नका सांगू. त्यांना सांगा."

"आता? या अवस्थेत? तिला काय वाटेल?"

"ते मला नाही माहीत, काका. पण त्या समजतात की तुम्हाला सोडलं नाही. तुम्ही उशाशी जाऊन बसणार, आणि त्या रोज कंपनीवर चिडणार, आणि तुम्ही रोज मान हलवणार. जमेल?"

मान हलवण्याबद्दल हिला कोणी सांगितलं, असं रामेश्वरला वाटून गेलं. जमणार नव्हतं ते त्याला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. पण सांगायचं कुठून? खोलीत पाच जण. गावी गेल्यावर तर भेटायला येणाऱ्यांची रीघ, आणि रंजिता चोवीस तास आईजवळ. विचार करता करता त्याला जागा सापडली. अजमानला एका नऊ मजली इमारतीची सर्व्हिस होती. गच्चीवर लिफ्टच्या मोटरची खोली असते, तिथं लिफ्टवाल्याशिवाय कोणी येत नाही. मोटर चालू असली तर आपलंच बोलणं ऐकू येत नाही. म्हणून बुधवारी दुपारी दोन वाजता रामेश्वरने कामाचं कारण नसताना मेन स्विच पाडला आणि फोन लावला. नर्मदेला कोल्हापूरहून चिपळूणला लेकीकडे आणलं होतं. रंजिता शाळेतून साडेचारला येई. तिकडे साडेतीन झाले होते.

नर्मदा उशीला टेकून बसली होती. न्हाणीत पडताना डोक्याला लागलं होतं, तिथं रुमाल बांधला होता. चेहरा एवढासा झाला होता.

"कुठे आहात?" तिने विचारलं. "भिंत वेगळी दिसते."

"कामावर. कोणी नाही इथं. नर्मदा, एक सांगायचंय."

"सांगा."

"मेमध्ये रजा मिळाली होती."

रामेश्वरने मग सगळं सांगितलं. पाठ करून आला होता, पण क्रम चुकला. आधी हॉस्टेल सांगितलं, मग व्हिसा, मग व्हिडिओ, आणि सगळ्यात शेवटी लिफ्ट. नर्मदेने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"थांबतच नाही?" शेवटी तिने विचारलं.

"नाही."

"मग म्हातारी माणसं कशी चढतात?"

"हळू चालते ती. हात धरायला दांडा असतो."

"अच्छा." ती विचार करत होती. "आणि त्या रविवारी मी फोन केला, तेव्हा तुम्ही तिकडे होतात?"

"हो."

"ती बाई कोण होती?"

रामेश्वरला क्षणभर कळेना. "कुठली बाई?"

"हसली ती. तुमच्या पडद्याजवळ. आणि तुम्ही फोन बंद केलात."

"अगं, ती... पोरगी होती एक, ब्राझीलची. खालच्या बेडवरची. आपल्या रंजितापेक्षा लहान. जेवायला बोलवत होती सगळ्यांना."

नर्मदेने डोळे मिटले. रामेश्वर घाबरला. मग त्याला दिसलं की तिचे खांदे हलताहेत, आणि आणखी थोड्या वेळाने कळलं की ती हसते आहे. हसताना दुखत होतं बहुतेक, कारण एक हात तिने काखेशी धरला होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"लिफ्ट बघायला गेला होतात," ती म्हणाली. "आई गं. लिफ्ट! आणि मी पाच महिने... मला वाटलं, तुम्ही तिकडे कोणी ठेवलीय. म्हणून रजा मिळत नाही म्हणताय. म्हटलं, आता आपण कशाला सांगायचं आपलं असलं दुखणं. त्या माणसाला नको झालंय आपलं तोंड, तर हे तरी कशाला दाखवायचं."

"म्हणून नाही बोललीस परत?"

"कशी बोलणार?" तिने पदराने डोळे पुसले. "जाऊ दे. नव्हती ना कोणी. झालं तर." ती खरंच बरी दिसत होती. गालावर थोडा रंग आला होता. रामेश्वर शिव्यांच्या तयारीने गच्चीवर चढला होता. तिने फोन आपटावा, रडावं, तळतळाट द्यावा, या सगळ्याला त्याने मनाची तयारी केली होती. तिला बरं वाटेल याची त्याने तयारी केली नव्हती.

"नर्मदा, माझ्यामुळे..."

"मला सांगायचं होतंत की हो," ती मध्येच म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लिफ्ट बघायला जातो म्हणून. मी हसले असते. आणि मग म्हटलं असतं, या जाऊन. पण आधी त्या डॉक्टरकडे चला." ती थांबली. "मी तरी कुठे सांगितलं म्हणा."

जिन्यावरून कोणीतरी हिंदीत लिफ्टवाल्याच्या नावाने ओरडत वर येत होतं. रामेश्वरने मोटरच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"एक ऐका," नर्मदा म्हणाली. "रंजिताला यातलं काही सांगायचं नाही. शपथ आहे. तिचा राग तुम्हाला ठाऊक आहे. मी आहे तोवर ठीक. नंतर तुम्हाला तिच्याशिवाय कोण आहे? ती तुमचं तोंड बघणार नाही."

"मग तिला काय सांगू?"

"काही नाही. मी सांगितलंय तिला, मीच घाबरले म्हणून. माझंच चुकलं म्हणून. कंपनीवर पण ओरडत होती, ते आता कमी झालंय. माझ्यावर ओरडते. ओरडू दे."

"हे बरोबर नाही, नर्मदा."

"बरोबर कशाला हवंय?"

दार वाजलं. रामेश्वरच्या बाजूचं नव्हे, तिकडचं. चपला काढल्याचा आवाज, पर्स ठेवल्याचा आवाज. रंजिता आज लवकर आली होती. नर्मदेने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि रुमाल सारखा केला.

"बाबा आहेत का? दे इकडे." रंजिताचा चेहरा समोर आला. तिने आधी आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ही रडली का? की हसली? काय सांगितलंत हिला?"

"काही नाही. लिफ्टच्या गोष्टी."

"उद्या येताय ना? बरं झालं फोन केलात. आता तुम्हीच बोला हिला, बाबा. माझं ऐकत नाही. काल डॉक्टरांना म्हणते, थोडं दुखायचं, त्यात काय सांगायचं? आठ महिने दडवून ठेवलं! मी सव्वा तासावर राहते. एक फोन केला असता तर रात्री गाडी काढून आले असते. सांगा ना, हिचं चुकलं की नाही?"

"विचार, विचार त्यांना," मागून नर्मदा म्हणाली.

रामेश्वर बंद मोटरकडे बघत राहिला.

"बाबा? आवाज येतोय का?"

"येतोय."

"मग सांगा ना स्पष्ट. स्पीकरवर आहे, तिला ऐकू दे. कोणाचं चुकलं?"

"तिचंच," रामेश्वर म्हणाला.

"ऐकलंस?" रंजिता म्हणाली.

"ऐकलं गं बाई, ऐकलं," नर्मदा म्हणाली, आणि तिच्या आवाजात मे महिन्यापासून नव्हता एवढा जीव होता. "चहा टाक आता. आणि त्यांना म्हणावं, येताना तो खजूर आणा. बिनबियांचा."